वॉल्व्हचा रेडिओ बोलत राहिला, उषाबेन कोर्टात गप्प राहिल्या

अफझलगंज (हैदराबाद), आमच्या प्रतिनिधीकडून :

देगलूर, बिलोली, उदगीर, बिदर या पट्ट्यातल्या माणसाला अफझलगंज कुठे आहे हे सांगावं लागत नाही. उस्मानिया दवाखान्यात पेशंट दाखवायचा असो की बेगम बाजारातून दुकानाचा माल भरायचा असो, आपला माणूस इथेच उतरतो. मुसी नदीच्या काठावर स्टेट सेंट्रल लायब्ररीची दगडी इमारत दिसते. तिथून थोडं पुढे गेलं की कोठी, आणि कोठीत इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची प्रसिद्ध गुजराती गल्ली. ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, तांब्याची तार, सोल्डरिंगचं सामान. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मागच्या पिढीची इकडे कायम ये-जा असायची.

कोठीच्या पलीकडे आबिद्सच्या बाजूला चिराग अली लेन आहे. हैदराबादचा रेडिओ तिथेच सुरू झाला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला महबूब अली नावाच्या गृहस्थांनी २०० वॅटचं छोटं केंद्र खासगीत चालवलं होतं. १९३५ मध्ये निजाम सरकारने ते आपल्या ताब्यात घेतलं आणि पुढे ते डेक्कन रेडिओ म्हणून ओळखलं गेलं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती जाहीर केली ती याच रेडिओवरून. ती तारीख मराठवाड्यात कुणी विसरत नाही.

म्हणजे हौसेनं उभारलेलं यंत्र सरकारच्या हातात जातं, आणि सरकारचा शेवटचा शब्दही त्याच यंत्रातून बाहेर पडतो. रेडिओ कुणाच्या हातात आहे याला त्या काळी फार मोल होतं. हे सगळ्यात आधी ज्यांनी ओळखलं आणि त्याची किंमतही मोजली, त्यांत एक २२ वर्षांची मुलगी होती. तिचं नाव उषा मेहता. ऑगस्ट महिना आला की क्रांती मैदानाच्या आठवणी निघतात, पुढाऱ्यांची नावं घेतली जातात. उषाबेनची गोष्ट मात्र बहुतेकांना अर्धीच माहीत असते. चोरून रेडिओ चालवला, पकडल्या गेल्या, एवढीच. त्या रेडिओचं यंत्र कसं होतं, ते कुणी बांधलं आणि पकडल्यानंतर काय झालं, हे नीट सांगायला हवं.

न्यायाधीशाची मुलगी

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० चा. गाव सरस, सुरतेजवळ. वडील इंग्रजांच्या राज्यात न्यायाधीश. त्यामुळे घरात चळवळीला मोकळीक नव्हती. पण मुलीनं पाचव्या वर्षीच गांधीजींना पाहिलं होतं. पुढे त्यांचा मुक्काम गावाजवळ पडला तेव्हा तिने शिबिरात जाऊन सूतही कातलं.

१९२८ मध्ये सायमन कमिशनविरुद्ध मुलांची फेरी निघाली, तिच्यात आठ वर्षांची उषा होती. अशाच एका मिरवणुकीत पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि झेंडा घेतलेली मुलगी झेंड्यासकट पडली. मुलांना ते फार लागलं. त्यांनी मोठ्या माणसांकडे हट्ट धरून झेंड्याच्या तीन रंगांचे कपडे शिवून घेतले आणि ते अंगावर घालून पुन्हा रस्त्यावर आली. आता झेंडा खाली पाडायचा तर पोरालाच पाडावं लागणार होतं. हा हिशेब मुलांनी स्वतःच मांडला होता.

वडील १९३० मध्ये निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी कुटुंब मुंबईला आलं. घरातली आडकाठी गेली. उषा चंदा रामजी शाळेत शिकू लागली, मॅट्रिकला पहिल्या पंचवीसात आली. विल्सन कॉलेजातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाली आणि कायद्याचा अभ्यास सुरू केला. शिकता शिकता पत्रकं वाटणं, तुरुंगातल्या लोकांचे निरोप पोचवणं चालूच होतं. खादी वापरायची आणि लग्न करायचं नाही, हे तिने तरुणपणीच ठरवून टाकलं होतं. अंगाने अगदी किरकोळ. तिला पाहून कुणाला शंका यावी असं काहीच नव्हतं, आणि पुढे ते उपयोगी पडलं.

९ ऑगस्टची सकाळ

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर भारत छोडोचा ठराव झाला. रात्र उलटायच्या आत गांधीजी, नेहरू, पटेल, आझाद सगळे पकडले गेले. सकाळी लोक मैदानावर जमले तेव्हा बोलायला मोठा नेता उरला नव्हता. झेंडा फडकवला अरुणा असफ अलींनी.

आता अडचण समजून घ्या. नेते तुरुंगात. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. सरकारी रेडिओवर फक्त सरकारची बाजू. कुठल्या गावात गोळीबार झाला, कुठे कचेरी जाळली, कुठे संप आहे, हे शेजारच्या जिल्ह्यालाही कळेना. निजामाच्या राज्यात तर अवस्था आणखी कठीण. स्टेट काँग्रेसवर १९३८ पासूनच बंदी, आणि ४२ च्या आंदोलनात स्वामी रामानंद तीर्थांनाही अटक झालेली. जिल्ह्याजिल्ह्यात माणसं लढत होती, पण प्रत्येकाला वाटायचं आपण एकटेच लढतोय.

उषाबेन आणि त्यांच्या दोस्तांनी ठरवलं की आपला रेडिओ काढायचा. सोबत बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी अशी मंडळी होती. पैशांचा प्रश्न आला तेव्हा एका जवळच्या नातेवाईक बाईंनी अंगावरचे दागिने देऊ केले. ते घ्यायचे नाहीत असं ठरलं आणि बाबूभाईंनी दुसरीकडून पैसा उभा केला. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने मदतीला होते. काँग्रेसच्या अधिवेशनांना लाऊडस्पीकर पुरवणारी हीच ती कंपनी. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन हे भूमिगत समाजवादी नेतेही लवकरच या कामात आले. माणसं जमली, पैसा जमला. आता यंत्र बांधणारा हवा होता.

यंत्र बांधणारा हौशी

मुंबईत तेव्हा हौशी रेडिओवाले होते. आज ज्यांना आपण हॅम म्हणतो ते. स्वतः ट्रान्समीटर बांधायचा, परवाना आणि कॉलसाइन घ्यायची आणि दूरच्या हौशी माणसाशी बोलायचं. १९३० च्या दशकात अख्ख्या देशात असे परवानेधारक पन्नासच्या आतच होते. १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं, सरकारने सगळ्यांचे परवाने रद्द केले आणि यंत्रं पोलिसांकडे जमा करायला लावली. त्यांच्यातलेच एक नरिमन प्रिंटर, कॉलसाइन व्हीयू२एफयू. रेडिओचं तंत्र शिकवणारे हुशार गृहस्थ. काँग्रेस रेडिओचा ट्रान्समीटर जुळवला तो त्यांनी.

हा ट्रान्समीटर म्हणजे काय, ते मी कॉमर्सवाल्याच्या भाषेत सांगतो. त्या काळी ट्रान्झिस्टर नव्हता, सगळा कारभार काचेच्या वॉल्व्हवर. वॉल्व्हच्या आत हवा नसते. आतली एक पट्टी तापवली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पलीकडच्या प्लेटकडे धावतात. मध्ये एक जाळी असते. जाळीवर अगदी थोडा दाब कमीजास्त केला की प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. बँकेत जसं एका सहीच्या चिठ्ठीवर लाखाची रक्कम हलते, तसंच. चिठ्ठीत पैसा नसतो, तो तिजोरीत असतो. इथे तिजोरी म्हणजे शेकडो व्होल्टचा पॉवर सप्लाय. पहिला वॉल्व्ह नेमक्या लहरीचा बारीक सिग्नल तयार करतो. पुढचे वॉल्व्ह तो वाढवत नेतात. शेवटचा सगळ्यात दांडगा, त्यालाच पॉवर अॅम्प्लिफायर म्हणायचं. मायक्रोफोनमधला आवाज या लहरीवर चढवला जातो आणि ती तारेतून आकाशात सोडली जाते. जितकी वीज खर्ची पडते त्यातला बराच भाग नुसती उष्णता होऊन जातो. म्हणून वॉल्व्हचं यंत्र तापतं, जड असतं आणि हात चुकला तर जीव घेतं.

काँग्रेस रेडिओची लहर होती ४२.३४ मीटरची, म्हणजे साधारण ७.१ मेगाहर्ट्झ. हौशी लोकांचा ४० मीटरचा पट्टा तो हाच. ज्या पट्ट्यावर बोलायचा परवाना सरकारने तीन वर्षांपूर्वी काढून घेतला होता, त्याच पट्ट्यावर प्रिंटर यांचं यंत्र पुन्हा बोलू लागलं. ही लहर निवडण्यात शहाणपण होतं. ती आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून परत जमिनीवर येते, त्यामुळे थोड्या शक्तीतही शेकडो मैल जाते. काँग्रेस रेडिओ बर्मापर्यंत ऐकू गेल्याचं हौशी रेडिओच्या इतिहासात नमूद आहे.

पण एक तोटा होता. लहर जितकी लांब तितकी एरियलची तारही लांब लागते. ४२ मीटरच्या लहरीला अर्ध्या मापाची तार धरली तरी जवळपास ७० फूट. गच्चीवर ७० फूट तार लपवायची कशी? कपडे वाळत घालायची दोरी म्हणून किती दिवस खपणार?

याच वर्षांत जगात दुसरीकडे उलट दिशेने काम चाललं होतं. इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी १९४० मध्ये मॅग्नेट्रॉनचा नवा प्रकार बांधला. त्याची लहर होती जेमतेम १० सेंटीमीटरची. तिला मायक्रोवेव्ह म्हणतात. नेहमीचा काचेचा वॉल्व्ह तिथे कामाचा नाही, कारण सेकंदात ३०० कोटी हेलकावे झाले की इलेक्ट्रॉन पलीकडे पोचायच्या आत सिग्नल उलटा फिरलेला असतो. त्यासाठी मॅग्नेट्रॉन, क्लायस्ट्रॉन अशा वेगळ्याच घडणीच्या नळ्या लागल्या. त्यातून छोटी, विमानात बसेल अशी रडार तयार झाली. एरियल एवढंसं, शक्ती मोठी. पण त्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर-क्षितिजापलीकडे वळत नाहीत. गिरगावातून बलियाला किंवा बर्मेला ऐकवायचं तर लांब तारेला पर्याय नव्हता. साम्राज्याकडे मायक्रोवेव्ह होती, उषाबेनकडे सत्तर फूट तार.

रोज संध्याकाळी, रोज धास्ती

ऑगस्टच्या अखेरीस काँग्रेस रेडिओ हवेत गेला. पहिल्या प्रक्षेपणात आवाज उषाबेनचा होता. त्यांनी लहरीचं माप सांगितलं आणि आपण भारतात कुठूनतरी बोलत आहोत एवढंच सांगितलं. सुरुवातीला हिंदी आणि इंग्रजीत दिवसातून दोनदा, पुढे संध्याकाळी साडेसातनंतर एकदा. सुरुवातीला एक देशभक्तिपर गाणं, मग बातम्या, भाषणं आणि शेवटी वंदे मातरम्.

या बातम्या वर्तमानपत्रं छापू धजत नव्हती. चितगाववर जपान्यांनी केलेला बॉम्बहल्ला, जमशेदपूरच्या कामगारांचा संप, बलियातला उठाव या सगळ्याची माहिती लोकांना या रेडिओने दिली. आपल्या विदर्भातलं चिमूर आणि आष्टीही त्यात होतं. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथे गोळीबार झाला, लोकांनी पोलीस मारले आणि त्यानंतर चिमूर गावावर, विशेषतः बायकांवर, जे अत्याचार झाले ते सरकारला दाबून टाकायचे होते. काँग्रेस रेडिओने ते सांगितले. आज आम्ही मोबाईलवर मिनिटाला बातमी टाकतो. तेव्हा चिमूरची बातमी मुंबईत आणायला माणूस पाठवावा लागत होता, आणि ती सांगायला स्वतःला पणाला लावावं लागत होतं.

पोलिसांकडे दिशा शोधणाऱ्या गाड्या होत्या. चकतीसारखं फिरणारं एरियल असतं, ते फिरवलं की लहर कुठल्या बाजूने येते ते कळतं. दोन ठिकाणांहून दिशा घेतली की नकाशावर दोन रेघा जिथे छेदतील तिथे ट्रान्समीटर. म्हणून एका जागी फार दिवस थांबायचं नाही हे ठरलेलं. चौपाटीवरची सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरची अजित व्हिला, गिरगावातली पारेखवाडी, अशा जागा बदलत राहिल्या. भाड्याने घर घ्यायचं, यंत्र हलवायचं, तार बांधायची आणि शेजाऱ्यांना संशय येऊ द्यायचा नाही. मजकूर रेकॉर्ड करण्याची जागा आणि प्रक्षेपणाची जागा पुढे वेगळी केली, म्हणजे एक सापडली तरी दुसरी वाचावी. उषाबेन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी रेकॉर्ड घेऊन जात. एक बारकी मुलगी पिशवी घेऊन चाललीय, एवढंच लोकांना दिसायचं. असं जवळपास तीन महिने चाललं.

१२ नोव्हेंबर

१२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी बाबूभाईंच्या कचेरीवर छापा घातला. उषाबेन तिथेच होत्या, पण निसटल्या. त्यांनी घरचा रस्ता धरला नाही. रेकॉर्डिंगच्या जागी जाऊन लोहिया आणि बाकीच्यांना सावध केलं. आजचा कार्यक्रम करायचा की नाही, हा प्रश्न आला. करायचा, असं ठरलं. मग त्या तंत्रज्ञाकडे गेल्या. एक यंत्र गेलं तर दुसरं हवं, ते तयार ठेवा, हे सांगायला.

इथेच घात झाला. नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले होते आणि त्यांनीच पुढे जागा दाखवली, अशी या प्रकरणाच्या इतिहासात नोंद आहे. त्यांना नुसतं गद्दार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण याच माणसाने युद्धाच्या सुरुवातीला सरकारची बंदी झुगारून यंत्र चालवलं होतं. हौस होती, हुशारी होती, धाडसही होतं. पोलिसांच्या खोलीत लागतं ते वेगळंच काहीतरी, आणि ते कुणाकडे किती आहे हे आधी कुणालाच कळत नाही.

संध्याकाळी उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी पारेखवाडीत पोचले. कार्यक्रम सुरू केला. गाणं झालं, बातम्या झाल्या. शेवटचं वंदे मातरम् चालू होतं तेव्हा दारावर धक्के बसायला लागले. पोलिसांनी एकामागून एक तीन दारं फोडली. आत शिरून रेकॉर्ड थांबवायला सांगितलं. दोघांनीही थांबवलं नाही. तेवढ्यात वीज गेली आणि खोलीत अंधार झाला, असं उषाबेन पुढच्या काळात सांगत. त्या अंधारात पोलिसांच्या गराड्यात त्या दोघांना दिवा येईपर्यंत बसून राहावं लागलं. गाणं मात्र पुरं झालं होतं.

सहा महिने चौकशी

यंत्र गेलं, रेडिओ बंद पडला. बहुतेकांची गोष्ट इथे संपते. उषाबेनची परीक्षा इथून पुढे होती.

सहा महिने त्यांना एकटं ठेवून चौकशी चालली. बाकीची माणसं कोण, लोहिया कुठे लपलेत, पैसा कुठून आला, हेच पुन्हा पुन्हा. धाकाचा उपयोग होईना तेव्हा लालूच दाखवली. सांगून टाका, परदेशात शिकायला पाठवतो. शिक्षणाची एवढी ओढ असलेल्या मुलीला याच्याहून मोठं आमिष कुठलं? कायद्याचा अभ्यास अर्धा टाकून त्या यात पडल्या होत्या. पण त्यांनी तोंड उघडलं नाही.

१९४३ मध्ये विशेष न्यायालयात खटला उभा राहिला. उषाबेननी न्यायाधीशांना आधी एकच विचारलं, उत्तरं देणं आपल्यावर बंधनकारक आहे का. नाही, असं कळल्यावर त्यांनी संपूर्ण खटल्यात एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. स्वतःला वाचवण्यासाठीसुद्धा नाही. एक खुलासा केला की दुसरा प्रश्न निघतो आणि त्यात कुणाचं तरी नाव येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वडील न्यायाधीश आणि स्वतः कायद्याची विद्यार्थिनी. गप्प राहण्याचा हक्क त्यांनी पुरेपूर वापरला.

निकाल लागला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षं, उषाबेनना चार वर्षं, चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाने सुटले. तीन महिन्यांच्या रेडिओची ही किंमत.

शिक्षा येरवड्याला भोगली. तिथे तब्येत ढासळली आणि उपचारांसाठी त्यांना मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात आणावं लागलं. १९४६ च्या मार्चमध्ये मोरारजी देसाई मुंबईचे गृहमंत्री झाले तेव्हा त्यांच्या आदेशावरून सुटका झाली. मुंबई प्रांतात त्या वेळी सुटलेल्या पहिल्या राजकीय कैदी त्याच. पण शरीर पार खिळखिळं झालं होतं. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत सोहळा झाला, तेव्हा उषाबेन अंथरुणाला खिळून होत्या. ज्यासाठी तरुणपण खर्ची घातलं तो दिवस त्यांनी पडून काढला.

पुन्हा पुस्तकं, पुन्हा लॅबर्नम रोड

स्वातंत्र्यानंतर ४२ च्या पुण्याईवर तिकीट, पद, जागा मागणारे कमी नव्हते. उषाबेन राजकारणात गेल्या नाहीत. तब्येतही साथ देत नव्हती. त्यांनी सुटलेला अभ्यास पुन्हा हातात घेतला. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठातून पीएच.डी. केली. विल्सन कॉलेजात तीस वर्षं शिकवलं, विद्यापीठात राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९८० मध्ये निवृत्त झाल्या. गांधी स्मारक निधीच्या कामात होत्या. मुंबईतल्या मणिभवनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हे मणिभवन लॅबर्नम रोडवरच आहे. ज्या रस्त्यावरच्या एका घरातून त्यांनी चोरून रेडिओ चालवला, त्याच रस्त्यावर पुढे उजळ माथ्याने त्यांची ये-जा राहिली.

राहणी तीच, खादीची. सरकारने १९९८ मध्ये पद्मविभूषण दिलं. रेडिओबद्दल कुणी विचारलं तर सांगत, पण त्यात आपल्या साथीदारांची नावं आधी येत. देश ज्या वाटेने चालला होता त्याबद्दल त्या समाधानी नव्हत्या आणि ते लपवतही नव्हत्या.

आजच्या हौशी पोरांसाठी

सीमाभागातली बरीच पोरं आज इलेक्ट्रॉनिक्स शिकायला हैदराबादला असतात. त्यांनी हौशी रेडिओकडे जरूर पाहावं. हॅम रेडिओची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओ ही संस्था हैदराबादेतच आहे. जगात आजही असे हौशी आहेत जे जुन्या छोट्या वॉल्व्हला पितळेच्या डब्यात बसवून, वरून पंख्याची हवा मारून, २३ सेंटीमीटरच्या मायक्रोवेव्ह लहरीवर पॉवर अॅम्प्लिफायर बांधतात आणि चंद्रावर सिग्नल आपटून परत ऐकतात. ट्रान्झिस्टर आला तरी वॉल्व्हची हौस गेलेली नाही. पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. परवाना परीक्षा देऊन घ्यायचा, त्याशिवाय ट्रान्समीटर चालवणं गुन्हा आहे. आणि वॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये हजार व्होल्टच्या आसपास दाब खेळतो. स्विच बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो साठून राहतो. एकट्याने, घाईत, ओल्या हाताने त्याच्या वाटेला जायचं नाही.

उषाबेनना स्वतःला यंत्र बांधता येत नव्हतं. तार कुठे जोडायची हे त्यांनी कधी शिकून घेतल्याचं कुठे वाचायला मिळत नाही. यंत्र बांधणारा त्यांना मिळाला, पैसा मिळाला, आवाजही मिळाला. हे सगळं जप्त झाल्यावर जे लागलं ते मात्र त्यांचं स्वतःचं होतं. त्या बोलल्या असत्या तर लोहिया आणि बाकीचे भूमिगत लोक तेव्हाच हाती लागले असते. लोहिया त्यानंतर दीड वर्षाने, १९४४ मध्ये पकडले गेले, तोवर चळवळ चालू राहिली.

ऑगस्ट २००० मध्ये उषाबेन ऐंशी वर्षांच्या होत्या आणि अंगात ताप होता. तरीही भारत छोडोच्या वर्धापनदिनाला त्या क्रांती मैदानावर गेल्या, त्याच जुन्या गवालिया टँकवर. थकून घरी आल्या. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, शांतपणे गेल्या.